दुकानाची पायरी आणि घरपोंच पुडकें

पावसाळा सरला कीं दौलताबादच्या किल्ल्याजवळ रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडल्या जातात. गिऱ्हाईक फळ हातांत घेतें, डोळे उघडले आहेत कीं नाहींत तें पाहतें, हलकेंच दाबतें आणि मग भाव करतें. त्याच वेळीं गांवांतील एखादा विद्यार्थी मोबाइलवरून पुस्तक मागवितो व तें कांहीं दिवसांनीं त्याच्या दारीं येतें. या दोन रीतींपैकीं चांगली कोणती, हा वाद आतां घरोघर ऐकूं येतो.

न पाहिलेला माल मागविण्याची रीत अगदींच नवी नाहीं. आपल्या देशांत १८७७ सालीं टपालखात्यानें व्ही. पी. ची सोय सुरू केली. पोस्टमनला पैसे द्यावे व पुडकें घ्यावें, असा तो व्यवहार होता. ऑनलाइन खरेदी हें त्याच रीतीचें वाढलेलें रूप होय. फ्लिपकार्टनें २००७ सालीं आरंभ केला तो पुस्तकविक्रीनेंच. पुढें २०१६ सालीं यूपीआय आलें आणि पैसे देणेंहि सोपें झालें.

परंतु रीत कोणतीहि असो, व्यापाराचा पाया विश्वास हाच आहे. याची साक्ष दौलताबादचा इतिहासच देतो. १३२७ सालीं येथें राजधानी आणणाऱ्या महंमद तुघलकानें १३३० च्या सुमारास तांब्यापितळेचीं नाणीं चांदीच्या मोलानें चालविण्याचा हुकूम काढला. खोटीं नाणीं इतकीं पाडलीं गेलीं कीं व्यापारी तीं घेईनात. शेवटीं सुलतानाला तीं परत घेऊन खजिन्यांतून खरें नाणें द्यावें लागलें. नुसत्या हुकुमानें विश्वास उत्पन्न होत नाहीं.

दुकानांतील विश्वास ओळखीवर उभा असतो. आज किडकी डाळ दिली तर उद्यां त्याच गिऱ्हाइकाला तोंड दाखवावयाचें आहे, हें दुकानदार जाणतो. मजुरी बुडालेल्या महिन्यांत तोच वहींत नांव मांडून पीठमीठ देतो. दूरच्या विक्रेत्याची अशी ओळख नसते. तेथें कायद्याचा आधार घ्यावा लागतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा व २०२० चे नियम यांप्रमाणें ऑनलाइन बाजार चालविणाऱ्यांनीं तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावी व एका महिन्यांत तिचें निवारण करावें, असें ठरलें आहे. ग्राहकाला आपल्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागतां येते. १९१५ या क्रमांकावर मदतहि मिळते. म्हणून पावती जपून ठेवावी, आणि ओटीपी कोणालाहि सांगूं नये.

दूरच्या बाजाराचे लाभ मोठे आहेत. शहरांतील मुलाला मिळणारें पुस्तक खेड्यांतील मुलीलाहि मिळतें. पैठणचा विणकर आपली पैठणी परप्रांतीं विकूं शकतो. पण हातमागाची पैठणी कोणती व यंत्रावरची कोणती, हें नुसत्या चित्रावरून ओळखणें कठीण.

तेव्हां जें हाताळून पारखावयाचें तें दुकानांत घ्यावें. जें गांवांत मिळत नाहीं तें खुशाल दुरून मागवावें. दुकानदारांनींहि माप पुरें द्यावें व पावती द्यावी. चार रुपये वांचतात एवढ्यासाठींच सर्वांनीं पाठ फिरविली तर गांवांतील दुकान बंद पडेल. आणि अडचणीच्या महिन्यांत उधार मागावयास जाण्याजोगी पायरी उरणार नाहीं. मुलांनो, पुढच्या खरेदीच्या वेळीं किंमतीबरोबर एवढ्याहि गोष्टीचा हिशेब मांडा.