घातांकी वाढ व ऱ्हास : आलेख आणि गणिती प्रतिमान
(भारतीय जनगणनेच्या आकडेवारीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

अर्थशास्त्र, भूगोल, वाणिज्य व जीवशास्त्र या विषयांच्या अध्यापनात 'घातांकी वाढ' ही संज्ञा वारंवार योजली जाते. बहुतांश वेळा तिचा अर्थ 'अतिशय वेगाने होणारी वाढ' एवढाच अभिप्रेत असतो. गणिताच्या दृष्टीने हा अर्थ सदोष आहे. समान कालावधीत राशी समान पटीने बदलत असेल तर तो बदल घातांकी होय. मग तो वेगवान असो वा संथ. वार्षिक चार टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवलेली रक्कम दुप्पट होण्यास सुमारे १७.७ वर्षे लागतात, तरीही ती वाढ घातांकीच असते. याउलट, दरवर्षी समान संख्येने होणारी वाढ कितीही मोठी असली तरी ती रेषीयच राहते. प्रस्तुत लेखात हा भेद आलेखाच्या साहाय्याने कसा तपासावा, याचे विवेचन केले आहे.

फलाचे स्वरूप :

घातांकी फलात 'य' ही राशी 'अ' या आरंभीच्या किमतीस 'ब' च्या क्ष-व्या घाताने गुणून मिळते. 'ब' एकापेक्षा मोठा असल्यास वाढ, तर शून्य व एक यांच्या दरम्यान असल्यास ऱ्हास होतो. ऱ्हासाचा वक्र क्ष-अक्षाच्या जवळ जवळ जातो, परंतु त्यास कधीही स्पर्श करीत नाही; क्ष-अक्ष ही त्याची अनंतस्पर्शी रेषा होय. याच फलाचा लॉगरिदम घेतला असता ते सरळ रेषेत रूपांतरित होते. पुढील सर्व विवेचन या एका गुणधर्मावर आधारलेले आहे.

जनगणनेची आकडेवारी :

भारताची लोकसंख्या १९५१ मध्ये ३६.११ कोटी, १९६१ मध्ये ४३.९२ कोटी, १९७१ मध्ये ५४.८२ कोटी, १९८१ मध्ये ६८.३३ कोटी, १९९१ मध्ये ८४.६४ कोटी, २००१ मध्ये १०२.८७ कोटी व २०११ मध्ये १२१.०९ कोटी होती. (२०२१ ची नियोजित जनगणना त्या वर्षी झाली नाही.) हे सात बिंदू साध्या आलेख कागदावर मांडले असता वर चढत जाणारा डौलदार वक्र मिळतो आणि पाहणाऱ्यास तो घातांकी वाटतो. परंतु डोळ्यांस वक्राच्या वाकण्यावरून त्याचा प्रकार ओळखता येत नाही. सरळ रेषा मात्र सरळ आहे किंवा नाही, हे पट्टी ठेवून ठरवता येते. म्हणूनच अर्ध-लॉग आलेखाची आवश्यकता भासते.

वरील संख्यांचे दहा पायाचे लॉगरिदम अनुक्रमे १.५५८, १.६४३, १.७३९, १.८३५, १.९२८, २.०१२ व २.०८३ असे आहेत. लागोपाठच्या किमतींतील फरक पाहिल्यास ०.०८५, ०.०९६, ०.०९६, ०.०९३, ०.०८४ आणि ०.०७१ असे मिळतात. १९६१ ते १९८१ या दोन दशकांत फरक समान आहे, म्हणजे तेवढ्या काळापुरती वाढ खऱ्या अर्थाने घातांकी होती. १९८१ नंतर रेषा खाली झुकू लागते. शेवटच्या दोन दशकांत तर प्रत्यक्ष भर अनुक्रमे १८.२३ व १८.२२ कोटी, म्हणजे जवळपास सारखीच आहे. हे रेषीय वाढीचे लक्षण होय.

हा भेद केवळ संज्ञेपुरता नाही. १९८१ साली एखाद्या अभ्यासकाने मागील दोन दशकांवरून प्रतिमान रचले असते, तर दशकीय गुणक १.२४७ व दुपटीचा काळ सुमारे ३१ वर्षे आला असता. त्यानुसार २०११ ची लोकसंख्या १३२.६ कोटी ठरते. प्रत्यक्षातील आकड्यापेक्षा हा अंदाज सुमारे ११.५ कोटींनी अधिक आहे. २०११ मधील संपूर्ण महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती, हे लक्षात घेता या चुकीचा आकार ध्यानी येतो. शाळा, धान्य व पाणी यांचे नियोजन अशाच अंदाजांवर उभे असते.

येथे संगणकावर सहज मिळणाऱ्या निर्धारण गुणांकाविषयी सावधगिरी बाळगणे इष्ट ठरेल. सातही बिंदूंच्या लॉगरिदमांना न्यूनतम वर्ग पद्धतीने सरळ रेषा जुळवली असता हा गुणांक ०.९९८ इतका येतो. अनेक शोधनिबंधांत एवढ्या आकड्यावर 'प्रतिमान सिद्ध झाले' असा निष्कर्ष काढला जातो, तो घाईचा आहे. अवशिष्टे तपासली असता ती आरंभी ऋण, मध्ये धन व शेवटी पुन्हा ऋण आढळतात. ती विखुरलेली नसून त्यांना निश्चित आकार आहे, आणि हा आकारच प्रतिमान चुकीचे असल्याचे सांगतो. ही रेषा २०११ साठी सुमारे १२४.९ कोटी दर्शविते.

ऱ्हासाचे उदाहरण :

किरणोत्सारी ऱ्हासाची स्थिती निराळी आहे. कार्बन-१४ च्या प्रत्येक अणूचा विघटनाचा संभव कायम असतो; त्यावर अणूचे वय किंवा शेजारचे अणू यांचा परिणाम होत नाही. जन्मदर जसा शिक्षण, आरोग्य व विवाहाचे वय यांनुसार बदलतो, तसे येथे काहीही बदलत नाही. त्यामुळे ५७३० वर्षांचा अर्धायुष्यकाल निःशंकपणे वापरता येतो. विलर्ड लिबी यांनी विकसित केलेल्या व १९६० च्या नोबेल पारितोषिकाने गौरविलेल्या कालमापन पद्धतीचा पाया हाच होय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रयोगशाळेनेही १९६० च्या दशकात भारतीय उत्खननांतील नमुन्यांचे असे कालमापन केले.

एखाद्या कोळशाच्या नमुन्यात मूळ कार्बन-१४ पैकी ६५ टक्के शिल्लक असेल, तर त्याचे वय सुमारे ३५६० वर्षे निघते. तथापि 'मूळ' म्हणजे किती, हा प्रश्न उरतोच. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्व काळ सारखे नव्हते. म्हणून वृक्षांच्या वार्षिक वलयांवरून तयार केलेल्या वक्राच्या आधारे मिळालेले वय दुरुस्त करावे लागते. लोकसंख्येच्या प्रतिमानात आरंभीची किंमत ज्ञात असून दर अनिश्चित असतो. येथे दर निश्चित असून आरंभीची किंमत शोधावी लागते. शिवाय दहा अर्धायुष्यकालांनंतर मूळ राशीचा केवळ १०२४ वा भाग उरतो. त्यामुळे सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे वक्र अक्षाला इतका चिकटतो की मापनातील अल्पशी अशुद्धीही हजारो वर्षांचा फरक घडवून आणते.