गोठ्यातून गाय का कमी होते?

दुभत्या गाई गोठ्यातून दोन प्रकारे कमी होतात. दूध कमी देते किंवा वय झाले म्हणून मालक स्वतःहून गाय काढतो, ती निवड. गाय गाभण राहत नाही, सड निकामी होतो, पाय अधू होतो किंवा ती दगावते, तेव्हा इलाजच उरत नाही, ती सक्ती. निवडीने गोठ्याचे दूध वाढते, सक्तीने घटते.

कोकणातल्या महाड-पोलादपुरात सक्तीची बहुतेक कारणे पाऊस आणि चाऱ्याशी निगडित आहेत. पावसाळ्यात ओल्या गोठ्यात खुरे मऊ पडतात आणि शेणाने माखलेल्या सडांतून जंतू शिरून कासेला दगडी होते. धार काढल्यावर सडाचे तोंड काही वेळ उघडे असते. म्हणून सड जंतुनाशकात बुडवून, पुढ्यात चारा टाकून गाईला अर्धा तास उभे ठेवणे हा साधा, खात्रीचा उपाय. उन्हाळ्यात भाताच्या पेंढ्यावर भागवावे लागते. त्यात प्रथिने जेमतेम ४ टक्के असल्याने माज लांबतो किंवा मुका राहतो. माज साधारण २१ दिवसांनी येतो. तो हुकला की तीन आठवडे वाया जातात. जुलै २०२१च्या पुरात आणि दरडींत तर चांगली दुभती जनावरेही गेली.

याचा परिणाम हिशेबात दिसतो. दहा गाई दरवर्षी व्याल्या, तर सुमारे पाच कालवडी मिळतात. दोन वेतांत दीड वर्षाचे अंतर पडले, तर तीनच. त्यातली एखादी दगावते. मग वर्षाला तीन गाई सक्तीने गेल्या, की कमी दूध देणारी गाय काढायला वावच राहत नाही. शिवाय संकरित कालवड पहिल्यांदा विण्यापूर्वी अडीच-तीन वर्षे पोसावी लागते आणि गाय भरात येते ती तिसऱ्या-चौथ्या वेतात. दुसऱ्याच वेतात काढलेली गाय पोसण्याचा खर्चही पुरता फेडत नाही.

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीला १९७६च्या कायद्याने बंदी आहे. २०१५पासून बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे परदेशातल्यासारखी काढलेल्या गाईची मांसासाठी किंमत येत नाही. भाकड गाय चारा खात राहते, नाहीतर दुसऱ्याच्या दावणीला जाते आणि कधी दुखणेही सोबत नेते. म्हणून इथे गाय काढण्यापेक्षा ती काढायची वेळ न येऊ देणे जास्त फायद्याचे.

कोकण कपिला या स्थानिक गाईला लिटरच्या मापाने निकामी ठरवणेही चूक. ती दूध थोडे देते, पण या पावसात आणि डोंगरउतारावर टिकते. तिच्या बाबतीत नियमित विणे आणि पायांचा काटकपणा हेच निकष योग्य.

निर्णयाला आधार नोंदवहीचा. विण्याची, माजाची आणि भरवल्याची तारीख, रोजचे दूध, दगडीचे प्रसंग आणि गाय गेल्याचे कारण एवढे लिहिले तरी पुरे. कारणांत सलग ‘गाभण राहिली नाही’ आले, तर आधी चारा आणि माजाकडे लक्ष द्यावे. ‘दगडी’ आली, तर गोठ्याची जमीन आणि धार काढण्याची पद्धत सुधारावी. ही कारणे आटोक्यात आली की कोणती गाय ठेवायची आणि कोणती काढायची, हे मालकाला स्वतः ठरवता येते.