कॅथरिन ग्रॅहम : प्रकाशकाची खुर्ची

आमच्या घरी वर्तमानपत्र येते ते वाणसामानाच्या पुडीतून. पेपर म्हणजे बातमीदार आणि संपादक, एवढीच माझी समजूत होती. परंतु त्यांच्या पाठीमागे आणखी एक माणूस असतो. तो म्हणजे प्रकाशक. कागद, छपाई, पगार, जाहिराती यांचा हिशेब त्याच्याकडे. आणि बातमीवरून खटला उभा राहिला तर झळ त्यालाच. ही खुर्ची किती अवघड असते, हे अमेरिकेच्या कॅथरिन ग्रॅहम यांच्या चरित्रावरून समजते.

बाईंचा जन्म १९१७ चा. वडील यूजीन मेयर यांनी १९३३ साली दिवाळखोरीत निघालेला ‘वॉशिंग्टन पोस्ट’ लिलावात घेतला. पुढे कारभार सोपवला तो मुलीकडे नव्हे, तर जावई फिलिप ग्रॅहम यांच्याकडे. बाईंनी स्वतः बातमीदारी केलेली होती. तरीही त्यांना यात काही वावगे वाटले नाही! १९६३ साली पतीने आत्महत्या केली आणि चार मुलांची ही आई ४६ व्या वर्षी कंपनीची प्रमुख झाली. सुरुवातीला चारचौघांत बोलायचीही त्यांना धास्ती वाटे.

खरी कसोटी लागली जून १९७१ मध्ये. व्हिएतनाम युद्धाविषयी सरकारने जनतेपासून काय दडवले, हे सांगणारी गुप्त कागदपत्रे ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली. न्यायालयाने ती थांबवली. मग ती ‘पोस्ट’च्या हाती लागली. नेमके त्याच आठवड्यात कंपनीचे शेअर प्रथमच बाजारात आले होते. खटला झाला तर तो व्यवहार मोडण्याची, शिवाय दूरचित्रवाणी केंद्रांचे परवाने जाण्याची भीती होती. वकील सबुरीचा सल्ला देत होते, तर संपादक बेन ब्रॅडली छापण्याचा आग्रह धरत होते. बाईंनी फोनवरूनच छापण्यास संमती दिली. ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. पुढे वॉटरगेट प्रकरणातही त्या आपल्या बातमीदारांमागे उभ्या राहिल्या.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९७५ च्या संपात छपाई कामगारांनी यंत्रांची मोडतोड केली, तेव्हा बाईंनी दुसरी माणसे घेऊन पेपर चालवला. त्यात कामगारांची संघटना मोडली.

त्यांच्या आत्मचरित्राला १९९८ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. २००१ साली त्या वारल्या आणि २०१३ मध्ये कुटुंबाने पेपर विकला.

खुर्ची त्यांना वारशाने मिळाली, धीर मात्र स्वतःच गोळा करावा लागला. आमच्यापाशी खुर्चीचा वारसा नाही. पण वर्गात प्रश्न विचारायला उठताना पाय लटपटतात, तेव्हा मला या बाई आठवतात.