कामकरी मुलांची संघटना आणि तिच्यामागची माणसे

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था भारतात पुष्कळ आहेत. मुलांनी स्वतः चालवलेल्या संघटनेला बळ देऊन आपण मागे राहणाऱ्या संस्था मात्र फार थोड्या आहेत. हा फरक वरवर पाहता लहान वाटला, तरी संस्थेतील माणसांनी काय करायचे आणि काय करायचे नाही, हे सगळे त्यावरूनच ठरते. बंगळुरूची ‘द कन्सर्न्ड फॉर वर्किंग चिल्ड्रन’ ही संस्था या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. तिचे काम १९८० च्या सुमारास अनौपचारिकपणे सुरू झाले आणि १९८५ मध्ये तिला संस्थेचे रीतसर रूप मिळाले. १९९० मध्ये तिच्या आधाराने ‘भीम संघ’ ही कामकरी मुलांची संघटना उभी राहिली आणि १९९५ पासून कर्नाटकातील काही गावांमध्ये ‘मक्कळ पंचायत’, म्हणजे मुलांची निवडून आलेली पंचायत, कामाला लागली.

संस्थेच्या संस्थापकांपैकी नंदना रेड्डी यांचे घर हेच मुळात चळवळीचे घर होते. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कादंबरीवरील ‘संस्कार’ हा १९७० सालचा कन्नड चित्रपट त्यांचे वडील पट्टाभिराम रेड्डी यांनी दिग्दर्शित केला आणि आई स्नेहलता रेड्डी यांनी त्यात प्रमुख स्त्रीभूमिका केली. दोघेही लोहियांच्या समाजवादी विचारांचे. आणीबाणीत जॉर्ज फर्नांडिस यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे स्नेहलता यांना १९७६ मध्ये अटक झाली. दम्याचा तीव्र विकार असताना त्यांना बंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात महिनोन्‌महिने ठेवण्यात आले आणि जानेवारी १९७७ मध्ये सुटकेनंतर काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. राजापूरचे खासदार मधु दंडवते त्याच तुरुंगात स्थानबद्ध होते. रात्रीच्या शांततेत स्नेहलता यांचे विव्हळणे आपल्याला ऐकू येत असे, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. आईचा असा अंत पाहिलेल्या मुलीने सत्तेपुढे दबलेल्यांच्या बाजूने उभे राहावे, यात नवल नाही. पण नंदना सत्तेच्या राजकारणाकडे न जाता असंघटित कामगारांच्या कामाकडे वळल्या, ही गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासाला कारणीभूत ठरली.

कामगार संघटना बांधताना या कार्यकर्त्यांना एक अडचण वारंवार भेडसावू लागली. हॉटेलांत, कारखान्यांत आणि बांधकामांवर प्रौढांच्या बरोबरीने मुलेही राबत होती, ती कामगारांच्या बैठकांना येत होती आणि आपल्या मजुरीचे, मारहाणीचे, कामाच्या तासांचे प्रश्न मांडत होती. परंतु १९२६ च्या कामगार संघटना कायद्यानुसार पंधरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज कोणालाही नोंदणीकृत संघटनेचे सभासद होता येत नव्हते. कारखान्यात चौदा वर्षांखालील मूल असणेच बेकायदा असल्यामुळे तिथे मूल प्रत्यक्ष दिसत असले, तरी कागदावर ते नव्हते, आणि जे कागदावर नाही त्याच्या मजुरीचा दावा कोणत्या कचेरीत दाखल करायचा, हा प्रश्न अनुत्तरित राहत होता. संरक्षणासाठी केलेला कायदाच मुलाला कायद्याच्या बाहेर ठेवत होता. या जाणिवेतून संस्थेने बालकामगारांविषयी एका विधेयकाचा मसुदा तयार करून १९८५ मध्ये चर्चेसाठी पुढे ठेवला. संसदेने १९८६ मध्ये संमत केलेला बालकामगार (प्रतिबंध व नियमन) कायदा मात्र त्या मसुद्यापेक्षा बराच तोकडा होता: ठरावीक धोकादायक व्यवसायांत चौदा वर्षांखालील मुलांना बंदी आणि इतर ठिकाणी कामाच्या अटींचे नियमन एवढ्यावर तो थांबला. मुलांच्या शिक्षणाची आणि विकासाची जी बाजू मसुद्यात महत्त्वाची होती, तिला कायद्यात जागा मिळाली नाही.

शासनाच्या धोरणावर लोकांच्या बाजूने, अभ्यास आणि पाठपुरावा यांच्या बळावर प्रभाव पाडण्याच्या अशा कामाला मराठी सामाजिक क्षेत्रात ‘जनवकिली’ म्हणतात. संघटन हे त्याहून वेगळे काम आहे. जनवकिलीत कोणीतरी कोणाच्या तरी वतीने बोलतो. संघटनात ज्याचा प्रश्न आहे त्यानेच बोलावे अशी अपेक्षा असते आणि बाकीच्यांनी त्यासाठी लागणारी माहिती, जागा आणि धीर पुरवायचा असतो. नंदना रेड्डी, त्यांचे सुरुवातीपासूनचे सहकारी दामोदर आचार्य आणि पुढे जनवकिलीची धुरा सांभाळणाऱ्या कविता रत्ना यांच्या कामात हे दोन्ही प्रवाह दिसतात. परंतु या संस्थेचे वेगळेपण दुसऱ्या प्रवाहात अधिक आहे, आणि ते कामगार चळवळीतून आलेले आहे; धर्मादाय कामाच्या परंपरेत ते सहसा आढळत नाही.

बंगळुरूच्या हॉटेलांत टेबल पुसणाऱ्या आणि कपबश्या विसळणाऱ्या मुलांची विचारपूस केली, तेव्हा त्यांतली बरीच मुले किनाऱ्यावरील कुंदापूर भागातून आल्याचे दिसून आले. कुंदापूर हा आज उडुपी जिल्ह्यातील तालुका असून १९९७ पर्यंत तो दक्षिण कन्नड जिल्ह्यात होता. मुंबईकरांना हा प्रदेश वेगळा सांगायला नको, कारण मुंबईतील उडुपी हॉटेलांचे मालक आणि कामगार पिढ्यान्‌पिढ्या याच पट्ट्यातून येत राहिले आणि दिवसा हॉटेलात राबून रात्री शिकणाऱ्या मुलांसाठी शहरात कन्नड रात्रशाळाही चालल्या. मूल शहरात कष्टत असले, तरी त्याला घराबाहेर काढणारी कारणे गावातच असतात, तेव्हा काम गावापर्यंत न्यावे लागेल, असा निष्कर्ष संस्थेने काढला. कुंदापूरजवळ कन्याण येथे ‘नम्म भूमी’ हे निवासी प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, ते याच विचारातून. शाळा सुटलेल्या किशोरवयीन मुलामुलींना हाती कसब मिळावे आणि गावाजवळच मिळकतीची सोय व्हावी, हा त्याचा उद्देश.

भीम संघाची उभारणी या सगळ्या कामाच्या केंद्रस्थानी आहे. त्याआधी संस्था कामकरी मुलांसाठी ‘भीम पत्रिके’ नावाचे भित्तिपत्रक काढत असे. ज्यांना जेमतेम अक्षरओळख आहे त्यांनाही ते समजावे, अशी त्याची रचना होती. १९९० मध्ये मुलांची संघटना झाली तेव्हा तिनेही महाभारतातील त्या बलवान पांडवाचेच नाव घेतले. कायद्याच्या दृष्टीने ती कामगार संघटना नव्हती, तशी ती होऊही शकत नव्हती, कारण सभासदांपैकी बहुसंख्य पंधरा वर्षांखालील होते. पण बैठका, ठराव, प्रतिनिधींची निवड, मागण्यांचा पाठपुरावा, मालकाशी किंवा अधिकाऱ्याशी बोलणी ही तिची सगळी रीत कामगार संघटनेची होती. १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमाने, आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि त्या मताला वय व समज यांनुसार वजन मिळण्याचा हक्क मुलांना दिला आणि १९९२ मध्ये भारतानेही ती संहिता स्वीकारली. परंतु संहितेवर सही करणारे शासन आणि हॉटेलातल्या बारा वर्षांच्या पोराचे म्हणणे ऐकून घेणारा अधिकारी यांच्यात पुष्कळ अंतर असते, आणि ते अंतर कापण्याचे काम संघटनेलाच करावे लागते.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामपंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. कर्नाटकात त्याआधीच, अब्दुल नझीर साब मंत्री असताना, पंचायत राज्याचा पाया बऱ्यापैकी भक्कम झाला होता. गावाचे निर्णय गावात होणार असतील, तर मतदानाचा हक्क नसलेल्या मुलांनी त्यात कोठे बसायचे, या प्रश्नाचे उत्तर म्हणून मक्कळ पंचायत पुढे आली. मुलांनी गुप्त मतदानाने आपले प्रतिनिधी निवडायचे, निवडणूक पंचायतीच्या आणि तालुक्याच्या अधिकाऱ्यांच्या साहाय्याने रीतसर पार पाडायची, त्यात मुली, दलित मुले, अपंग मुले आणि कामकरी मुले यांना जागा राहतील याची काळजी घ्यायची आणि निवडून आलेल्यांनी मुलांचे प्रश्न मोठ्यांच्या पंचायतीपुढे मांडायचे, अशी ही रचना होती. मुलांनी स्वतः निवडलेला एक विश्वासू प्रौढ ‘मक्कळ मित्र’ म्हणून काम पाही. मोठ्यांशी बिनसले, कोणी धमकावले किंवा तक्रार कोठे न्यावी हे कळेना, तर मुले त्याच्याकडे जात.

या पंचायतींचे काम कसे चालते हे पाहायचे तर ‘कालुसंक’ घ्यावा. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी असलेल्या कुंदापूर तालुक्यात वस्त्या विखुरलेल्या आहेत, त्यांच्यामधून असंख्य ओहोळ वाहतात आणि ते ओलांडण्यासाठी सुपारीचे किंवा माडाचे एखाद-दुसरे खोड आडवे टाकलेले असते. त्या साकवाला तिथे कालुसंक म्हणतात. पावसाळ्यात खोडावर शेवाळ धरते, पाणी चढते आणि लहान मुलांची शाळा आठवडेच्या आठवडे बुडते. वर्गात मागे पडलेले मूल पुढे शाळेतच जाईनासे होते आणि काही काळाने कामाला लागते. मोठ्यांच्या दृष्टीने ही ओहोळाची किरकोळ अडचण असते. मुलांनी घरोघर फिरून कोणत्या वाडीतली किती मुले कोणता ओहोळ ओलांडतात, किती दिवस घरी राहतात, हे मांडले की तोच ओहोळ शाळागळतीचे कारण म्हणून पंचायतीपुढे येतो आणि पक्क्या साकवाची मागणी अंदाजपत्रकात जाते. सरपणासाठी होणारी पायपीट, गुरे राखणे, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी शाळा सोडणाऱ्या मुली, जवळपास अंगणवाडी नसणे, दारूच्या दुकानांमुळे घरात होणारी मारहाण असे विषयही मुलांच्या पाहण्यांतून पुढे आले. दहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात कुंदापूर तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या नियोजनात मुलांनी गोळा केलेली माहिती वापरली गेली. ज्यांना ‘अजाण’ म्हणून बाजूला बसवले जाई, त्यांच्याकडे गावाविषयी मोठ्यांना ठाऊक नसलेली माहिती होती, ही गोष्ट त्या निमित्ताने कागदोपत्री सिद्ध झाली.

अशा संघटनेचे जगाशी मतभेद होणे अटळ होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी मुलांनी बनवलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घालण्याचे विधेयक अमेरिकेत मांडले गेले, त्याच्या धास्तीने बांगलादेशातील कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना कामावरून काढले आणि त्यांतली अनेक मुले दगड फोडण्यासारख्या अधिक वाईट कामांकडे गेली. या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर-डिसेंबर १९९६ मध्ये आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील कामकरी मुलांच्या प्रतिनिधींची पहिली आंतरराष्ट्रीय बैठक कुंदापूरला भरली. तिने संमत केलेल्या दहा मुद्द्यांत मुलांनी बनवलेल्या मालावरील बहिष्काराला विरोध आहे, कामातील शोषणाला विरोध आहे, शिकायला आणि खेळायला वेळ उरेल अशा सन्मानाच्या कामाला मान्यता आहे आणि मुलांना घर सोडावे लागू नये म्हणून खेड्यांत काम उभे करण्याची मागणीही आहे. जगभरातील कामकरी मुलांच्या संघटना ९ डिसेंबर हा आपला दिवस पाळतात, तो याच बैठकीची आठवण म्हणून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा बालमजुरीविरोधी दिन मात्र १२ जूनला असतो.

या दोन दिवसांमागे दोन विचार आहेत. २०१४ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले, त्या कैलाश सत्यार्थी यांची चळवळ बालमजुरीच्या पूर्ण उच्चाटनाचा आणि प्रत्येक मुलाला शाळेत आणण्याचा आग्रह धरते. वेठबिगारीत आणि कोंडलेल्या कारखान्यांत अडकलेल्या मुलांची सुटका करण्याच्या बाबतीत तो आग्रह बिनतोड आहे. बंगळुरूच्या या संस्थेचेही नाव त्याच पारितोषिकासाठी एकाहून अधिक वर्षे सुचवले गेले होते. सुटका केलेले मूल महिन्याभरात पुन्हा दुसऱ्या कामावर दिसते तेव्हा त्याचे कारण कोणाला विचारायचे, हा तिचा प्रश्न आहे आणि तोही टाळता येण्यासारखा नाही. कामकरी मुलांची संघटना म्हणजे बालमजुरीला दिलेली मान्यता, असा आक्षेप घेतला जातो. पण छापा पडल्यावर कोठे जायचे आणि खायचे काय, हे ज्या मुलाला कोणीच विचारलेले नाही, त्याच्या नावाने चालणारी बंदी अपुरी पडते, हे कुंदापूरच्या अनुभवाने पुरेसे दाखवले आहे. बंदी आणि संघटन एकमेकांविरुद्ध उभी करण्यातच खरी हानी आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मुलांच्या तोंडून मोठेच बोलतात. मुलांच्या कोणत्याही व्यासपीठाबाबत ही शंका घ्यायलाच हवी, कारण पाठ केलेली भाषणे, पाहुण्यांपुढे उभी केलेली चुणचुणीत मुले आणि आधीच ठरलेले ठराव सर्वत्र पाहायला मिळतात. यावरचा उपाय माणसांच्या चांगुलपणावर सोपवून चालत नाही. तो कामाच्या रीतीतच असावा लागतो. माहिती मुलांनी गोळा केली असेल आणि ती त्यांच्याच ताब्यात असेल, प्रतिनिधी मुलांनी निवडला असेल आणि काढून टाकण्याचा अधिकारही त्यांनाच असेल, तर कार्यकर्त्याला आपले म्हणणे त्यांच्यावर लादणे कठीण जाते. अशा कार्यकर्त्याला निकाल ठाऊक असतानाही गप्प बसावे लागते, मुलांनी चुकीच्या अधिकाऱ्याकडे अर्ज दिला तर तो परत येईपर्यंत थांबावे लागते आणि देणगीदारांना दाखवता येईल असे यश लांबणीवर पडू द्यावे लागते. संस्थांच्या अहवालांत या थांबण्याला रकाना नसतो, पण संघटनेचे बळ त्यावरच अवलंबून असते.

२००६-०७ च्या सुमारास कर्नाटक शासनाने राज्यभरातील ग्रामपंचायतींना मुलांची ग्रामसभा, ‘मक्कळ ग्रामसभा’, घेण्यास सांगितले आणि काही गावांतला प्रयोग सरकारी परिपत्रकात आला. परिपत्रकाने सभा भरते. तिथे विचारलेल्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हे पुढच्या सभेत विचारणारी मुले मात्र प्रत्येक गावात नसतात, आणि जिथे आधी संघटना होती तिथली सभा व जिथे फक्त आदेश पोहोचला तिथली सभा यांत तफावत राहते. शिवाय मुलांच्या संघटनेला एक अडचण अशी असते, जी मोठ्यांच्या कोणत्याही संघटनेला नसते: अठरा वर्षे पूर्ण झाली की सभासदत्व संपते. बोलण्यात तयार झालेली, अधिकाऱ्यांना ओळखणारी, कागद वाचता येणारी मुले दरवर्षी बाहेर पडतात आणि दहा-अकरा वर्षांच्या नव्या मुलांना पहिल्या धड्यापासून शिकवावे लागते. बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘नम्म सभा’ ही आपली स्वतंत्र संघटना काढली, आणि धाकट्यांना शिकवण्याच्या कामात हे माजी सभासद हातभार लावतात.