‘अचल’ सांधेही हलतात

शाळेच्या विज्ञानात सांध्यांचे दोन गट पाडलेले असतात. खांदा, कोपर, गुडघा चल. कवटीचे सांधे अचल. परीक्षेपुरतं ते ठीक आहे. पण अचल म्हणजे जन्मापासून घट्ट बसलेलं, हा त्यातून निघणारा समज चुकीचा आहे.

नवजात बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात. जन्माच्या वेळी अरुंद मार्गातून येताना ती एकमेकांवर किंचित चढतात, म्हणून काही बाळांचं डोकं सुरुवातीला लांबुळकं दिसतं. ते दाबून ‘गोल करायला’ घरातलं कुणीतरी सरसावतंच. कशाला? बहुतेक डोकी काही दिवसांत आपोआप आकाराला येतात.

दुसरा समज टाळूचा. तेल जिरवलं नाही तर टाळू भरत नाही, असं आजही सांगतात. कपाळाच्या वर हाडं अजून भेटलेली नसतात, तिथे शंकरपाळ्याच्या आकाराची मऊ जागा असते. हलकेच बोट ठेवलं तर खाली ठोके जाणवतात. ही जागा कडेची हाडं वाढत आली की मिटते. साधारणपणे वय एक ते दोन वर्षांच्या दरम्यान. डोक्याच्या मागची छोटी टाळू तर दोन-तीन महिन्यांतच मिटते. तेलाचा यात काही हात नाही. उलट टाळूला हात लागला की मेंदूला इजा होते, हेही खरं नाही. खाली चिवट पडदा असतो, हळुवार अंघोळ घालायला हरकत नाही. लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टीवर: जुलाब-उलट्यांत टाळू खोल गेली, किंवा बाळ शांत असतानाही ती फुगलेली दिसली, तर लगेच डॉक्टर गाठावा.

हाडांमधल्या या शिवणी मोकळ्या राहतात त्या मेंदूसाठी. पहिल्या वर्षात तो जवळपास दुप्पट होतो. एखादी शिवण वेळेआधी मिटली तर डोक्याचा आकार बिघडतो, कधी शस्त्रक्रियाही लागते. मोठेपणी शिवणी घट्ट होतात खऱ्या, पण पूर्ण जुळून यायला अनेक दशकं जातात आणि प्रत्येकात वेग वेगळा. त्यामुळे नुसत्या कवटीवरून नेमकं वय सांगणारा मालिकेतला डॉक्टर मनावर घेऊ नये.

चल सांध्यांच्या वाट्यालाही गैरसमज आहेतच. बोटं मोडली की संधिवात होतो, म्हणून मुलं ओरडा खातात. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याशी निगडित आहे. डोनाल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टरांनी पन्नासहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली; दोन्ही हातांत फरक सापडला नाही. या खटाटोपाला 2009 साली इग नोबेल हे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक मिळालं. एका माणसाच्या हातावरून शास्त्र ठरत नाही, पण पुढच्या अभ्यासांतही बोटं मोडण्याचा संधिवाताशी संबंध दिसलेला नाही. मोडताना दुखत असेल किंवा सांधा सुजत असेल तर मात्र दाखवावं.

‘गुडघ्यातलं वंगण संपलं’ हेही असंच. निरोगी गुडघ्यात हा द्रव मुळातच काही मिलीलिटर असतो, आणि खाल्लेलं तूप थेट तिथे पोचत नाही. सांध्यातल्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण या द्रवातून होतं, आणि ते आत-बाहेर खेळतं हालचालीमुळे. त्यामुळे गुडघे कुरकुरू लागले म्हणून चालणंच सोडून देणं हा उलटा उपाय आहे.