कॅप कुठली? दाढेला विचारा!

रूट कॅनल झालं, ठणका थांबला, सुटलो बुवा! असं म्हणेपर्यंत डेंटिस्ट सांगतात, ‘‘आता कॅप बसवावी लागेल.’’ मग समोर रेट येतात. मेटल, सिरॅमिक, झिर्कोनिया... आणि आपण? मोबाइलचा प्लॅन निवडावा तसं मधल्या आकड्यावर बोट ठेवून मोकळे!

सध्या आमच्या घरात हाच हॉट टॉपिक आहे. आई पाथरीला, मी पुण्यात, दादा हैदराबादला. आईच्या खालच्या दाढेचं रूट कॅनल झालं आणि फॅमिली ग्रुपवर चर्चासत्र भरलं. दादा म्हणाला, ‘‘झिर्कोनियाच घे, पैशाचं मी बघतो.’’ आई म्हणाली, ‘‘अरे, तिथं आत कोण बघायलंय? मेटलची बसवून टाकू.’’ मग मी डेंटिस्ट मंडळींना गाठलं. त्यांच्याकडून कळलं, की आईचं लॉजिक सॉलिड आहे!

कॅप हवीच कशाला?

रूट कॅनलनंतर दाढेच्या भिंती पातळ उरतात आणि चावण्याचा सगळा जोर दाढांवरच येतो. कडक भाकरी, शेंगदाणे, सुपारी... दाढ खोलवर चिरली, तर बहुतेक वेळा काढावीच लागते. म्हणून ही टोपी. ती बसावी यासाठी दात चहूबाजूंनी साधारण १ ते २ मिलिमीटर घासतात. घासलेला दात पुन्हा वाढत नाही. त्यामुळे विचार करायचा तो आधीच!

कोण कुठे फिट?

मेटल : दिसायला चंदेरी, पण चिवट. दात कमीत कमी घासावा लागतो. मागच्या दाढेला आजही मस्त.

मेटल-सिरॅमिक : आत धातू, वर दातासारखा थर. खिशाला बरी. पण वरचा टवका उडू शकतो आणि काही वर्षांनी हिरडीजवळ काळपट रेघ दिसू शकते.

झिर्कोनिया : पांढरी आणि भक्कम. दाढेसाठी अख्खी झिर्कोनियाची घ्या, वर सिरॅमिकचा थर असलेली नको.

लिथियम डायसिलिकेट : यातून प्रकाश आरपार झिरपतो, म्हणून अगदी खऱ्या दातासारखी दिसते. समोरच्या दातांसाठी झक्कास. झिर्कोनियाइतकी मजबूत मात्र नाही.

मग आईचं काय ठरलं? निर्णय दिला तिच्या कानांनी! बेन्टेक्सचे कानातले घातले की तिचे कान खाजतात. असं बऱ्याचदा निकेलच्या ॲलर्जीमुळे होतं आणि स्वस्त मेटल कॅपमध्ये निकेल असू शकतं. हे डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनीच झिर्कोनिया सुचवला. म्हणजे दादा जिंकला, पण भलत्याच कारणानं!

गावाकडचा वीकएंड पुरणार नाही

रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गावी जाऊन दोन दिवसांत कॅप उरकू, असा प्लॅन असेल तर थांबा. एका बैठकीत दात घासून माप घेतात आणि तात्पुरती कॅप लावतात. पक्की कॅप लॅबमधून यायला बहुतेक ठिकाणी काही दिवस जातात. नंतर चावताना ती उंच लागली, तर पुन्हा खुर्चीत! म्हणून ज्या डॉक्टरकडे सहज परत जाता येईल, तोच निवडा. पाथरीकरांना परभणी जवळ आहे आणि तिथे सरस्वती-धन्वंतरी डेंटल कॉलेजही आहे.

खुर्चीत बसण्याआधी एवढं विचारा : माझा दात किती उरलाय? मी झोपेत दात खातो का? कॅपमध्ये नेमका कुठला धातू आहे? लेखी वॉरंटी मिळेल का?

आणि हो, कॅप किडत नाही, पण तिच्या कडेखालचा दात किडतो. तेव्हा दोन वेळचा ब्रश आणि रात्रीचा फ्लॉस चालू ठेवा. महागड्या कॅपलाही त्यातून सुट्टी नाही!