पारसनीस, खरे आणि आमच्याकडचे छापखाने

सातारा-सांगलीच्या नियतकालिकांचा आढावा म्हटला की 'शुभसूचक'पासून यादी सुरू करायची प्रथा आहे. ती यादी वाचकांना पाठ असेल. मला बोलायचंय ते दत्तात्रय बळवंत पारसनिसांबद्दल.

१८७०चा जन्म. वयाच्या सतराव्या वर्षी या मुलानं साताऱ्यात 'महाराष्ट्र कोकिळ' मासिक काढलं. आणि १८९४ साली, चोविशीही उलटली नव्हती तेव्हा, झाशीच्या राणीचं चरित्र छापलं. सत्तावनचं बंड होऊन चाळीस वर्षंही झाली नव्हती. ते पाहिलेली माणसं हयात होती आणि त्याबद्दल मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. पारसनिसांनी राणीचे दत्तकपुत्र दामोदरराव यांना मार्टिन नावाच्या इंग्रजानं १८८९ मध्ये लिहिलेलं पत्र मिळवलं आणि पुस्तकात घातलं. राणीवर अन्याय झाला, असं साहेबच लिहितोय म्हटल्यावर सरकार बोलणार काय! पुढे 'इतिहास संग्रह' मासिकातून त्यांनी मराठी दौलतीतले कागद छापले; नाना फडणिसांचं मेणवलीचं दप्तर मिळवलं ते वेगळंच.

'रावबहादूर होते, साहेबांच्या पंगतीला बसत', असं नाक मुरडणारे अजून आहेत. किंकेडसाहेबाबरोबर त्यांनी मराठ्यांचा इतिहास लिहिला, हे खरंच. पण दप्तरं वाळवीच्या तोंडून कोणी काढली, ते या मंडळींनी एकदा सांगावं.

तिकडे मिरजेला वासुदेवशास्त्री खरे. शाळेत संस्कृत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली मोडी पत्रं उतरवायची. मोहिमेवरच्या छावणीतून आलेली पत्रं: दाणावैरण नाही, पगार थकला, अमका पडला. 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे बारा खंड त्यांच्या हयातीत निघाले. लढवय्यांचं स्मारक म्हणून पुतळ्यांपेक्षा मला ते खंड जवळचे.

बाकीची पत्रं सोडून देतो. तेव्हाच्या साप्ताहिकांत खटल्यांच्या नोटिशा जास्त आणि मजकूर कमी.

इस्लामपूरचं 'प्रतोद' पत्र मात्र सोडवत नाही. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात. १८९७चा टिळकांचा खटला शाळकरी पोरालाही ठाऊक. पण त्याच वर्षी इस्लामपूरच्या या पत्राचे संपादक रामचंद्र नारायण कशाळकर यांना साताऱ्याच्या सेशन्स कोर्टानं जन्मठेप काळ्या पाण्याची दिली. लेख होता कॅनडाचा दाखला देऊन स्वतंत्र होण्याच्या तयारीवर. अपिलात शिक्षा पुष्कळच कमी झाली. त्या पीठावर न्यायमूर्ती रानडेही होते. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला आहे, आमच्या गौरवग्रंथांत नाही.

पारसनिसांचा संग्रह १९३९ साली पुण्याला डेक्कन कॉलेजात गेला. सुरक्षित राहिला, तक्रार नाही. पण आज इथल्या पत्रांच्या जुन्या फायली किलोवर जातात आणि नवे अंक पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींवर निघतात. 'प्रतोद'चा एखादा अंक कुणाच्या माळ्यावर असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मला एक पोस्टकार्ड टाका. एसटीनं येऊन घेऊन जाईन.